काठमांडूच्या बालगृहातले फोटो: काय काढू, काय नको? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोटोग्राफीवाले आणि संस्थांत काम केलेले, दोघांचीही मदत हवीये. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचा पुण्यातला नऊ जणांचा ग्रुप नोव्हेंबरात दुसऱ्यांदा काठमांडूला, म्हणजे खरं तर ललितपूरला, एका बालगृहात दहा दिवस जाणारे (नाव मुद्दाम देत नाही). काम साधंच, भिंतींना रंग, बंक बेडची डागडुजी, संध्याकाळी मुलांचं गणित. माझ्याकडे डीएसएलआर आहे या एका पापामुळे फोटोचं खातं माझ्या गळ्यात. मागच्या खेपेला सहाशेच्या वर काढले आणि खरं सांगते, तेव्हा काहीच वाटलं नाही, पोरंच "दिदी, फोटो खिच्नुस् न" करत मागे लागायची.

आता निवडायला बसले तर एक मुलगी, असेल सात-आठ वर्षांची, बारा फोटोंत आहे आणि अकरांत तिचं तोंड कशाच्या तरी मागे. एकदा स्वेटरची कॉलर नाकापर्यंत ओढलेली, एकदा चक्क जेवणाचं ताट समोर धरलेलं. तेव्हा तिथले सर तिला म्हणाले ताट खाली कर, हास, आणि मी कॅमेरा डोळ्याला लावून तशीच थांबले, ती खाली करेपर्यंत. बाराव्यात ती हसतेय. तो मला बघवत नाहीये.

संस्थेला देणगीदारांच्या कॅलेंडरसाठी क्लोजअपच हवेत, खाली नाव आणि "कहाणी". ग्रुपातल्या एक काकू म्हणतात चेहरा नसेल तर पैसे कोण देणार, आणि त्यांचंही अगदीच चूक नाही, मागचा सोलर त्याच फोटोंवर आला. शिवाय सगळे बिनधास्त "अनाथ" लिहितात, पण यातल्या बऱ्याच जणांचे आईबाप आहेत. नेपाळात हे जुनंच, १९९६ ते २००६ च्या यादवीत हुमलासारख्या लांबच्या जिल्ह्यांतून दलाल शाळेचं आमिष दाखवून पैसे घेऊन मुलं काठमांडूत आणायचे आणि इथे ती अनाथ म्हणून दाखवली जायची. २०१५ च्या भूकंपानंतर तर सरकारने नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली होती.

तर संमती घ्यायची कुणाची? जुन्या सहाशेंचं काय करू? आणि चेहरा न दाखवता बरे फोटो येतात का?

प्रतिसाद:
ताई, मी दर शनिवारी इथल्या एका बालगृहात जातो. आपल्याकडे बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, अशा मुलाची ओळख पटेल असा फोटो किंवा नाव छापलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नेपाळला तो लागू नाही, पण इथल्या पोराचा जो फोटो आपण टाकणार नाही तो तिथल्याचा का टाकायचा? आणि सरांची सही म्हणजे संमती धरू नका, देणगी त्यांनाच हवीये ना. फोटोंचं म्हणाल तर हात काढा, पाठी काढा, रंगाचे डबे, दारातल्या चपलांची रांग, मोमो वळताना पिठाची बोटं. शाळेच्या शर्टावरचा बिल्ला मात्र बघून घ्या. मोबाईलचं लोकेशन बंद.

प्रतिसाद:
कंबोडियात २०११ पासून "मुलं म्हणजे पर्यटनस्थळ नव्हेत" अशी मोहीम चालू आहे, तिथे कामानिमित्त होतो तेव्हा पोस्टर बघून मीच माझे फोटो उडवले होते. पण एक चूक झाली, सगळेच उडवले. अशा मुलांकडे स्वतःचे लहानपणीचे फोटो नसतात हो. तुम्ही चांगले निवडून प्रिंट काढा, प्रत्येकाला त्याचा त्याचा छोटा अल्बम द्या आणि मग तुमच्याकडचे डिलीट करा. काठमांडूत न्यू रोडला प्रिंट होतील.

मूळ लेखिका:
अल्बमचं डोक्यातच आलं नव्हतं, मनापासून आभार. कॅलेंडरला चेहरे देणार नाही हे काल सरांना मेलवर कळवलं, अजून उत्तर नाही. त्या मुलीला मात्र तो बारावा द्यायचा की ताटवाला, की तिलाच बारा समोर ठेवून निवडू द्यायचं? आणि ग्रुपातल्या दोघांनी मुलांसोबतचे डीपी ठेवलेत, त्यातली एक माझी नणंद आहे, तिला कसं सांगू तेही कुणी सुचवा.