आईला घेऊन मुंबईला जायचंय. परळ-दादर भागात दोघींनी राहायला सुरक्षित जागा कुठे बघू?

मिठमुंबरीची_लेक
नमस्कार मंडळी. देवगडहून लिहितेय. आईला परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवायला सांगितलंय. तपासण्या, रिपोर्ट, परत डॉक्टर असं धरून आठ-दहा दिवस लागतील. आम्ही दोघीच जाणार, कारण बागेत फवारणी चालू आहे आणि बाबांना हलता येत नाही.

आत्या नालासोपाऱ्याला असते, पण तिथून रोज सकाळच्या लोकलच्या गर्दीतून आईला आणणं शक्य नाही. वाडीच्या मंडळाची लालबागला खोली आहे, पण तिथे पुरुषमाणसंच राहतात. मग लॉज किंवा धर्मशाळा. ऑनलाइन बघायला गेलं तर एकाच लॉजखाली एक जण देवमाणूस म्हणतो, दुसरा लुटारू. गावात विचारलं तर जो तो 'अमुक भागात पाय ठेवू नको' एवढंच सांगतो, कुठे ठेवू ते कोणी सांगत नाही. रात्री औषध आणायला मला एकटीला खाली उतरता आलं पाहिजे, ही माझी मुख्य अट. बजेट दिवसाला हजार ते दीड हजार.

पांढरा_कोट
ताई, खोली बघायच्या आधी एक चौकशी करा. टाटाचं दुसरं मोठं केंद्र खारघरला सेक्टर २२ मध्ये आहे आणि पहिली तपासणी परळला झाली तरी पुढचे उपचार बऱ्याच जणांना तिकडे घ्यायला सांगतात. तसं झालं तर दादरला राहून रोज खारघर गाठणं आईंना झेपायचं नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांचेच पैसे भरा, दहा दिवसांचे एकदम नको. खारघर ठरलं तर तिथेच खोली बघा. कोकण रेल्वेच्या गाड्या पनवेलला थांबतात, तिथून ते जवळ आहे.

दुसरं, फाइल निघाली की हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन राहण्याची सोय विचारा. दादर पूर्वेला संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आहे. दोन्हीकडे बाहेरगावच्या रुग्णांची आणि सोबतच्या माणसांची सोय होते, पण हॉस्पिटलचे कागद लागतात आणि जागा लगेच मिळेलच असं नाही. म्हणजे पहिल्या रात्रीचं तुम्हाला स्वतःच बघावं लागेल.

लालबागकर_मूळ_वेंगुर्ला
जन्म लालबागच्या चाळीतला, अजून इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुंबईत भागाच्या नावावरून काही ठरवू नका. गावाकडे जी नावं ऐकून लोक घाबरतात ती बहुतेक कोणीतरी कोणाकडून तरी ऐकलेली असतात, आणि बऱ्याचदा तिथे कोण लोक राहतात एवढ्यावरूनच ती वस्ती वाईट ठरते. मला हे अजिबात पटत नाही. तुम्ही एक गोष्ट बघा : टॅक्सीतून किंवा बसमधून उतरल्यापासून लॉजच्या दारापर्यंतचा रस्ता रात्री दहाला कसा असतो. दुकानं उघडी आहेत का? माणसं बाहेर बसलेली आहेत का? दिवे आहेत का?

ह्या हिशोबाने बघितलं तर चित्र वेगळंच दिसतं. फोर्टात इमारती देखण्या, पण ऑफिसं सुटली की आतल्या गल्ल्या ओस. बीकेसीचं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलाचं, तेच. लोअर परळला काचेचे टॉवर आहेत, पण गिरण्यांच्या जुन्या भिंतींच्या कडेने जाणारे काही रस्ते रात्री सुनसान असतात. उलट लालबाग, परळगाव, भोईवाडा इथल्या चाळी बघून बाहेरचा माणूस बिचकतो. पण आमच्या चाळीच्या दारात रात्री बारालाही बल्ब लावून कॅरम चालू असतो, वरच्या गॅलरीत कोणीतरी आजी जागी असते, आणि अनोळखी मुलगी घुटमळताना दिसली तर 'कोण पाहिजे गं?' असं चार जण विचारतात. त्यांना भोचक म्हणा हवं तर. रात्रीच्या वेळी हा भोचकपणाच उपयोगी पडतो.

तुमच्यासाठी माझी पहिली पसंती दादर पूर्व, खोदादाद सर्कलच्या आसपास, मुख्य रस्त्यालगत. तिथून टाटा दोन-अडीच किलोमीटर. शेजारची हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी शांत आहेत, पण आतल्या गल्ल्या लवकर झोपतात, म्हणून लॉज मुख्य रस्त्यावरचाच बघा. दुसरी पसंती माटुंगा पूर्व, किंग्ज सर्कलच्या बाजूला. वस्ती कुटुंबांची आहे, आणि इडली, रसम-भात, दहीभात असं आजारी माणसाला चालेल ते जेवण पावलोपावली मिळतं. तिथलं मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन २०१७ पासून पूर्णपणे महिला कर्मचारी चालवतात, तेही सांगून ठेवतो.

प्रभादेवी आणि लोअर परळच्या पश्चिम बाजूला मात्र राहू नका. सुरक्षिततेचा प्रश्न नाही. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद केला, त्यामुळे तिकडून परळला यायला गाडीला दादरच्या टिळक पुलाचा किंवा करी रोडचा वळसा पडतो. आजारी माणसाला घेऊन रोज तो नको.

आणखी एक. टाटाच्या दारात फुटपाथवर परगावचे बरेच पेशंट आणि त्यांची माणसं राहताना दिसतील. त्यांना बघून घाबरू नका, तीही तुमच्यासारखीच अडलेली माणसं आहेत. सावध राहायचं ते 'रूम पाहिजे का ताई, लवकर नंबर लावून देतो' म्हणत फाइलकडे बघत मागे येणाऱ्यांपासून. त्यांना उत्तरही देऊ नका, सरळ आत जा.

शिरगावची_काकी
गो बाय, सगळ्यांनी सांगल्यानी ता बरा सांगल्यानी. माजा एकच. लॉजार पोचलंस काय पयली खोलयेची आतली कडी लावन बघ. धड नसली तर दुसरी खोली माग, लाजू नको. आवशीची फाइल, आधार कार्ड आनि पैसे एकाच पिशयेत ठेव नको. आनि मंडळाच्या खोलयेत फोन करून ठेव. थय बायकांका ऱ्हवाक गावना नाय ह्या खरा, पण अडचण इली तर धावान येतले ते आपलेच मानूस.

मिठमुंबरीची_लेक
काकी, फोन आजच करते. खारघरचं तर डोक्यातच नव्हतं. अजून दोन शंका. कणकवलीहून दिवसाची गाडी धरू की रात्रीची? आणि एका ठिकाणी फोन केला तर पूर्ण पैसे आत्ताच पाठवा म्हणतायत, ते बरोबर वाटतं का?

तुतारीचा_नेहमीचा
रात्रीचीच धरा. मांडवीने दिवस जातो आणि मुंबईत पोचायला रात्र होते. त्यात गाडी लेट झाली तर सामान, आई आणि अनोळखी लॉज असं सगळं मध्यरात्री अंगावर येतं. तुतारी सकाळी दादरलाच संपते, म्हणजे उतरायची घाई नाही. कोकणकन्या दादरला पहाटे पाचच्या सुमारास येते. त्या वेळी पश्चिमेला फुलबाजार पूर्ण भरात असतो, पण पूर्वेला अजून उजाडायचं असतं, तेव्हा फटफटेपर्यंत स्टेशनातच बसा. खोली सकाळी सातला देणार की दुपारी बाराला, हे आधी फोनवर पक्कं करा. नाहीतर आईंना लॉजच्या जिन्यात बसवायची वेळ येते.

दादर-परळला रिक्षा मिळणार नाही. रिक्षा शीव आणि माहीमच्या पलीकडे, उपनगरातच चालतात. इकडे काळी-पिवळी टॅक्सी, कमीत कमी भाडं ३१ रुपये, मीटर टाकायला सांगायचं. 'मीटर नाही, तीनशे द्या' म्हणाला तर दुसरी बघा. एसटीने आलात तर बायकांना अर्धं तिकीट आहे आणि परळ डेपो सोयीचा, पण इतक्या तासांचा बसून प्रवास आईंना नको असं मला वाटतं.

पांढरा_कोट
पूर्ण पैसे आगाऊ अजिबात पाठवू नका. लॉजच्या आणि भक्तनिवासांच्या नावाने खोटे नंबर इंटरनेटवर टाकलेले असतात. माझ्या मामेभावाचे पैसे असेच गेले. पोचल्यावर तिथे अशी खोलीच नाही असं कळलं. पैसे गेले तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवायची, जितकी लवकर तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त. मुंबईत महिलांसाठी पोलिसांचा १०३ आणि एरवी ११२ हे नंबर आईंच्या साध्या फोनमध्येही घालून ठेवा, रेल्वेसाठी १३९.

लालबागकर_मूळ_वेंगुर्ला
आणि पुढची तारीख जून-जुलैची मिळाली तर हे लक्षात ठेवा : दादर टीटीहून, म्हणजे खोदादाद सर्कलहून, टाटाला जाताना मधे हिंदमाता लागतं, तिकडे किंग्ज सर्कलला गांधी मार्केट. हिंदमाताचं पाणी साठवायला महापालिकेने जमिनीखाली टाक्या बांधल्या, त्यामुळे पूर्वीइतका वेळ पाणी तुंबून राहत नाही. पण जोराचा पाऊस आणि भरती एकदम आली तर रस्ता अडतोच. त्या दिवसांत खोली हॉस्पिटलच्या चालत अंतरावरच बघा, महाग पडली तरी.

आत्तासाठी, दोन-तीन लॉज निवडलेत की मला निरोप धाडा. संध्याकाळी कामावरून सुटल्यावर त्या बाजूला चक्कर मारतो, बायकोला घेऊन रात्री दहाला त्या गल्लीतून चालून बघतो आणि खोलीही बघून येतो. पंखा, संडास, जिना किती उंच, लिफ्ट चालू आहे का, सगळं कळवतो. पैसे त्यानंतर भरा.