सातवीच्या मुलांना जीवसृष्टीचा आरंभ शिकवावा की वगळावा?

निवृत्त भूगोल शिक्षक, नांदेड
लातूरच्या एका पालक भगिनींनी काल येथे लिहिले की, कॅम्ब्रियनपासून क्वाटर्नरीपर्यंतची भूगर्भीय कालखंडांची बारा नावे सातवीच्या मुलांकडून पाठ करून घेणे हा छळ आहे, मराठवाड्यात सगळीकडे काळा दगडच असल्याने दाखवण्यासारखे काही नाही, आणि दहावीला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ आहेच, तेव्हा हा भाग वगळावा. पाठांतराबद्दलचा त्यांचा संताप रास्त आहे. वगळण्याचा सल्ला मात्र मला मुळीच मान्य नाही. बारा नावांचा तक्ता जेथे सुरू होतो, तेथवर जीवसृष्टीचा बहुतेक काळ सरून गेलेला असतो, आणि नेमका तोच काळ आपण मुलांना कधी दाखवत नाही.

मी शाळेच्या मैदानावर ४६ मीटर सुतळी अंथरून घेत असे, एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षे. आजच्या टोकापासून ३५ मीटरवर पहिले सूक्ष्मजीव, २४ मीटरवर हवेत प्राणवायू साठू लागला तो काळ, आणि कॅम्ब्रियन थेट ५.४ मीटरवर. मधली जवळजवळ तीस मीटर मुले नुसती चालत, आणि कोणीतरी हमखास विचारी, “सर, इथे काहीच नाही का?” तेव्हा मी त्यांना वर्गामागच्या ओल्या भिंतीवरचा काळपट-हिरवा बुळबुळीत थर दाखवीत असे. त्यात सायनोबॅक्टेरिया हे निळे-हिरवे सूक्ष्मजीव असतात, आणि त्यांच्याच पूर्वजांनी आपल्या श्वासातला प्राणवायू तयार करायला सुरुवात केली. माणसाच्या वाट्याला शेवटचे तीन मिलिमीटर येतात.

पालक, लातूर (मूळ पोस्ट माझी)
सर, आपला वर्ग माझ्या मुलीच्या वाट्याला आला नाही. तिच्या शाळेत तक्ता फळ्यावर उतरवून दिला, आणि ‘ऑर्डोव्हिशियन’ लिहिताना वेलांटी चुकली म्हणून अर्धा गुण कापला. त्या अर्ध्या गुणासाठी ती रात्री अकरापर्यंत रडत बसली होती. चांगल्या शिक्षकाचे उदाहरण देऊन वाईट पद्धतीचे समर्थन करू नये. आणि आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट हा लाव्ह्याचा खडक आहे, त्यात जीवाश्म सापडत नाहीत, हे तर आपणही नाकारणार नाही.

शिक्षिका, बीड
दोष नेहमी शिक्षकाचाच. माझ्याकडे दोन वर्ग एकत्र आहेत, रोजची ऑनलाइन माहिती भरायची आहे, सर्वेक्षणे आहेत, निवडणूक आली की मतदार याद्या आहेत. सुतळी मीही अंथरीन, पण तो तास मला कोण देणार आहे? तरीही वगळा म्हणणाऱ्यांना माझा विरोधच राहील. केंद्रीय पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्या एनसीईआरटीने आपल्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांती काढली, तेव्हा २०२३ मध्ये १८०० हून अधिक शास्त्रज्ञ आणि शिक्षकांनी निषेधाचे पत्र लिहिले होते. एकदा काढलेला पाठ सहजासहजी परत येत नाही.

विहीर खोदकाम व्यावसायिक, जालना
दाखवण्यासारखे काही नाही, हे वाक्य मला लागले. आमच्याकडे विहिरीत काळी माती, मुरूम, मांजऱ्या म्हणतात तो मऊ दगड, मग कठीण पाषाण आणि मध्येच विटकरी रंगाचा थर लागतो. पोरांना काठावर उभे करून तो थर दाखवा, पुस्तकाची गरज नाही.

शिक्षिका, बीड
भाऊ, चाळीस मुले विहिरीच्या काठावर मी एकटीने उभी करू? एखादे पोर पाय घसरून पडले तर निलंबन माझे होईल, तुमचे नाही. विचार करून लिहीत जा.

विहीर खोदकाम व्यावसायिक, जालना
विहीर नको तर गावाबाहेरची बंद खदान घ्या, रस्त्यासाठी फोडलेली टेकडी घ्या. तोच थर तिथेही उघडा पडलेला असतो. शिक्षकांनी प्रत्येक गोष्टीला कारणेच द्यायची ठरवली, तर पोरे मोबाईलवरच शिकतील.

निवृत्त भूगोल शिक्षक, नांदेड
भाऊंचा विटकरी थर महत्त्वाचा आहे, पण बोलण्याची ही रीत बरी नव्हे. लाव्ह्याचा एक थर निवल्यावर त्याच्या माथ्याची झीज होऊन माती झाली आणि पुढच्या लाव्ह्याने ती भाजून निघाली. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये मोठा काळ गेला. नागपूरकडे अशाच दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ आहे आणि त्यात गोगलगायींचे, वनस्पतींचे जीवाश्म मिळतात.

पालक, लातूर
सर, आपण स्वतःच घसरलात. हा लाव्हा साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्याच सुतळीवर शेवटच्या मीटरच्या आत. जीवसृष्टीचा आरंभ त्यात कुठे आला?

निवृत्त भूगोल शिक्षक, नांदेड
आरंभ त्यात नाही, हे बरोबर. तो त्याच्या खाली शोधावा लागतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर तुमच्याच लातूर जिल्ह्यात किल्लारीजवळ खोल छिद्र घेतले, तेव्हा सुमारे ३३८ मीटर बेसाल्ट संपल्यावर थोडासा गाळाचा थर आणि त्याखाली अतिप्राचीन नाइस खडक लागला. आमच्या देगलूर-बिलोलीकडे त्याच जुन्या पायाचा ग्रॅनाइट उघड्यावर आहे, सुमारे २५० कोटी वर्षांचा. त्यात जीवाश्म नाहीत. परंतु तो घडत होता त्या काळात समुद्रात ते निळे-हिरवे जीव होते, हे त्यावर हात ठेवून सांगता येते. प्रत्यक्ष जीवाश्मच हवेत, तर राजस्थानात चित्तोडगडजवळ भोजुंद्याला स्ट्रोमॅटोलाइट, म्हणजे अशा सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचून घडवलेले दगड आहेत. त्यांची छायाचित्रे वर्गात लावता येतात.

पालक, लातूर
किल्लारीचे हे मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या घरी त्या पहाटेच्या आठवणी निघतात, पण खालच्या खडकाबद्दल कोणी बोलत नाही. ‘वगळा’ हा शब्द मी मागे घेते. पण बारा नावे आणि वेलांटीचे गुण यांबद्दलची तक्रार तशीच उभी आहे, आणि पुढच्या पालकसभेत मी ती लेखी देणार आहे.

शिक्षिका, बीड
लेखी द्याच. त्याच अर्जात सुतळीसाठी एक मोकळा तासही मागा, म्हणजे तो फक्त शिक्षकांनी मागितला असे होणार नाही.