झिरोच्या संगीत महोत्सवाला तंबूत राहायचंय, गुडघे ५३ वर्षांचे आहेत

अवखळ_काकू:

मंडळी, सल्ला हवाय. चेष्टा नंतर करा.

लेक बंगळूरला नोकरी करते. मला न विचारता तिने सप्टेंबरअखेरच्या झिरो महोत्सवाची दोन तिकिटं काढली आणि मग फोन केला, "आई, अरुणाचलला जातोय, चार दिवस तंबूत राहायचंय." माझं वय ५३, मुक्काम डोंबिवली. संगीत महोत्सव म्हणजे मला पुण्याचा सवाई माहीत. शाल, सतरंजी, थर्मासमध्ये चहा, आणि दहाला कार्यक्रम आटोपला की बहिणीकडे गादीवर. तंबूत शेवटची झोपले ती आठवीत, गाइडच्या शिबिरात.

तंबू विकत घ्यावा की तिथे भाड्याने? थंडी किती असते? रात्री एकदा तरी उठावं लागतंच, त्याचं काय? जमिनीवरून उठताना गुडघे कुरकुरतात. मी शाकाहारी, लेक नाही. आणि चहासाठी तो छोटा डब्याचा गॅस नेला तर चालेल का? सकाळी साडेपाचला चहा लागतो, त्यात तडजोड नाही.

सामानाची यादी करायला बसले, तर पहिलं पान औषधांनीच भरलं.

चिखल्या:

काकू, दोनदा गेलोय, म्हणून अधिकाराने सांगतो: थंडीला घाबरू नका, ओलीला घाबरा. झिरो साधारण दीड हजार मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरहून थोडं उंच. दिवसा ऊन असेल तर स्वेटर काढाल. पण पाऊस तेव्हा गेलेला नसतो, आणि हजारो पायांनी तुडवलेल्या गवताचं दुसऱ्या दिवशी काय होतं ते आपल्याकडे कुस्तीच्या आखाड्यात पाणी ओतल्यावरच दिसेल.

पहिल्या वेळची माझी गोष्ट ऐका. तंबू मित्राचा, उभा करायची घाई माझी. वरचा आउटर नीट ताणलाच नाही, खुंट्या चारच ठोकल्या, बाकीच्या पिशवीत. रात्री दोनला पाय गार पडले म्हणून उठलो तर स्लीपिंग बॅगचं पायाकडचं टोक पिळून काढावं इतकं ओलं. छत गळत नव्हतं बरं का! आउटर ढिला पडून आतल्या कापडाला चिकटला होता आणि तिथून पाणी झिरपत होतं. उरलेली रात्र दोन्ही पाय किराणा दुकानाच्या प्लॅस्टिक पिशवीत घालून काढली. त्यात जीन्स घातलेली. ती चार दिवसांत वाळली नाही, पुण्याला घरी आणली तेव्हा आईने दारातूनच गॅलरीत टाकली.

तेव्हापासून माझा एकच नियम. थर्मल, लोकरीचे मोजे, कानटोपी असा एक जोड जाड पिशवीत बांधून सॅकच्या तळाशी ठेवायचा आणि तो फक्त झोपताना घालायचा. बाहेर कितीही भिजलात, कुडकुडलात, तरी त्याला हात लावायचा नाही. सकाळी उठलं की परत तेच दमट कपडे. पहिली पाच मिनिटं शिव्या येतात, मग अंगावरच वाळतात.

तंबू भाड्यानेच घ्या, तुमच्या वयाचा प्रश्न नाही, विमानात वजनाचा आहे. जागा निवडता आली तर उताराच्या तळाशी नको, आणि येण्याजाण्याच्या वाटेवर तर नकोच, रात्रभर कुणी ना कुणी दोरीत पाय अडकवून पडतं. खाली मॅट जाड हवी. थंडी वरून कमी, जमिनीतून जास्त लागते.

गमबूट इथून नेऊ नका. झिरोच्या हापोली बाजारात मिळतात. मी गुडघ्यापर्यंतचे घेतले, आता पावसाळ्यात गाडी धुताना वापरतो.

ब्रह्मपुत्राकाठची:

काकू, नवऱ्याच्या बदलीमुळे गुवाहाटीत सहा वर्षं होते. आधी कागदपत्रांचं बघा. अरुणाचलमध्ये जायला आपल्यालाही इनर लाइन परमिट लागतं. ऑनलाइन निघतं, पण छापील प्रती काढून ठेवा, नाहरलगून स्टेशनातून बाहेर पडताना तपासतात. तिथून झिरो शंभरेक किलोमीटर, पण डोंगरातले, त्यामुळे चारपाच तास धरा. शेअर सुमोत मागच्या सीटवर बसू नका, गुडघे तिथेच संपतील. पुढची सीट आदल्या दिवशी काउंटरवर सांगून ठेवायची.

डब्याचा गॅस विमानात अजिबात चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. चहाचे स्टॉल असतात, पण साडेपाचला कुणी उठलेलं नसेल. रात्री झोपण्याआधी थर्मास भरून घ्या. पॉवर बँक मात्र उलट, ती हातातल्याच बॅगेत. २०,००० एमएएचची चालते. फोन नेटवर्क शोधून शोधूनच अर्धा संपतो, तेव्हा लेकीशी भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवून ठेवा. रोख पैसेही जास्तच ठेवा.

शौचालयाचं स्पष्टच सांगते. सकाळी आठला रांग, सहाला नाही. लवकर उठणाऱ्या बाईचं तिथे राज्य असतं! रात्रीसाठी डोक्याला लावायचा टॉर्च घ्या, हातातला नको. दोन्ही हात मोकळे का हवेत ते तिथे गेल्यावर कळेल. उभ्याने वापरायचं प्लॅस्टिकचं फनेल मिळतं, ते घरी बाथरूममध्ये दोनदा वापरून बघा. पहिला प्रयोग झिरोला नको.

जेवणात भात, डाळ, मोमो मिळतं. पण बांबूच्या कोंबाचा वास येणारच, आणि तिथल्या आपातानी लोकांच्या 'पिके पिला'मध्ये त्या कोंबांबरोबर डुकराची चरबीही असते, तेव्हा विचारून खा. मेतकूट न्या. गरम भात कुठेही मिळतो.

आणि एक, फॉर्ममध्ये कुठे लिहिलेलं नसतं ते. नाकात गोल चकत्या आणि चेहऱ्यावर गोंदण असलेल्या म्हाताऱ्या आजी दिसतील. लोक तोंडासमोर फोन धरतात. तुम्ही आधी शेजारी बसा.

निवांत_राव:

एवढ्या उपद्व्यापापेक्षा गावात होमस्टे घ्या. हाँग, हारी, बुल्ला, कुठेही. चुलीपाशी बसायचं, पक्क्या छपराखाली झोपायचं, गाणं ऐकायला चालत जायचं. चिखलात लोळल्याशिवाय संगीत कळत नाही असं काही नाही.

चिखल्या:

राव, पटतं, पण रात्रीचं शेवटचं गाणं ऐकून अंधारात चालत गावात परतायचं, तेही पावसात? तिकडे संध्याकाळी पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो, काळोख आपल्यापेक्षा खूप आधी. तंबू असला की दोन मिनिटांत पांघरुणात. आणि पहाटे झिप उघडल्यावर पिकत आलेल्या भातशेतावर धुकं दिसतं. त्या खाचरांत भातासोबत मासेही वाढवतात, कडेने चालताना पाण्यात हलताना दिसतात. काकू, गुडघ्यांसाठी तीन पायांचं घडीचं स्टूल न्या.

अवखळ_काकू:

सर्वांचे आभार. परमिटचा अर्ज लेकीने भरला. मेतकूट दळून झालं. स्टूल आलं, त्यावर बसून बघितलं, उठताही येतं.

काल भाचीचा तंबू आणून सोसायटीच्या गच्चीवर रंगीत तालीम केली. चिखल्या, तुझं ऐकून आउटर कडक ताणला. गच्चीत खुंट्या कुठे ठोकणार, म्हणून दोऱ्या पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधल्या आणि वरून भाचीने बादलीभर पाणी ओतलं. आत एक थेंब नाही! तेवढ्यात सेक्रेटरी वर आले. त्यांना वाटलं टाकी फुटली. तंबूची झिप उघडून मी डोकं बाहेर काढलं तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले.

आता नोटीस लागली आहे: 'गच्चीवर विनापरवानगी मुक्काम करू नये.'