प्रत्येकाच्या लॅपटॉपवर क्लस्टर कशाला?

खटपट्या: काल सांजवात यांनी लिहिलं, "डॉकर कंपोजला चिकटलेले अजून शिकाऊच. प्रत्येकाने लॅपटॉपवर क्युबरनेटीज चालवलंच पाहिजे." वाचून डोकं फिरलं. (कंपोज एकाच मशीनवर अनेक कंटेनर, म्हणजे कोड आणि त्याला लागणारं सगळं असलेल्या पेट्या, एकत्र चालवतं; क्युबरनेटीज त्या मशीनच्या गटावर, म्हणजे क्लस्टरवर, सांभाळतं.) आमच्या ६ सर्व्हिसेस कंपोजवर एका कमांडने उठतात. क्लस्टरवर एक ओळ बदलली की इमेज (कंटेनरचा साचा) बिल्ड करा, नोडमध्ये (क्लस्टरमधल्या मशीनमध्ये) लोड करा, पॉड (कंटेनर चालवणारं युनिट) रीस्टार्ट करा. काम कधी करायचं?

सांजवात: शब्द मागे घेत नाही. कंपोजवर आमचंही सगळं झकास चालायचं. प्रॉडक्शनला (खऱ्या वापरात) रेडिनेस प्रोबचा, म्हणजे सर्व्हिस तयार आहे का या तपासणीचा, पाथ चुकला. पॉड 'रनिंग', पण रेडी ०/१, ट्रॅफिक शून्य. रात्री २ वाजता मी शोधत बसलो होतो. लोकल क्लस्टरवर तेव्हाच दिसलं असतं.

खटपट्या: त्याला स्टेजिंग (प्रॉडक्शनआधीची चाचणीची जागा) आहे की! तुमच्या क्लस्टरपायी माझी अख्खी दुपार गेली. काइंडमध्ये (लॅपटॉपवर क्लस्टर चालवणारं टूल) इमेज लोड केली, तरी 'इमेज-पुल-बॅकऑफ', म्हणजे इमेज मिळत नाही.

ओसरी: इमेजचा टॅग (आवृत्तीचं नाव) 'लेटेस्ट' होता ना?

खटपट्या: होता. मग?

ओसरी: मग क्लस्टरला बोल लावू नका. टॅग 'लेटेस्ट' असला किंवा दिलाच नाही, आणि पुल पॉलिसीही (इमेज कधी आणायची तो नियम) लिहिली नाही, तर ती 'ऑल्वेज', म्हणजे दरवेळी, धरली जाते. इमेज नोडवर असूनही क्युबलेट (नोडवर पॉड चालवणारा प्रोग्राम) रजिस्ट्रीला (इमेज साठवण्याच्या जागेला) विचारतो, आणि तिथे ती नसते. या 'लेटेस्ट'ने आम्हाला रडवलंय. रोलबॅक केला, म्हणजे मागच्या आवृत्तीवर गेलो, तर तोच बिघडलेला कोड परत वर आला, कारण जुन्या डिप्लॉयमेंटमध्येही टॅग तोच! कुणी 'लेटेस्ट' लिहिलेलं दिसलं की माझा संताप होतो.

सांजवात: कमिटचा हॅश (जतन केलेल्या बदलाची खूण) टॅग म्हणून लावा.

खटपट्या: कमिट करण्याआधीच बदल तपासायचा असतो, तेव्हा कुठला हॅश? टॅग तोच ठेवला तर अप्लाय (क्लस्टरवर बदल लावणारी कमांड) 'अनचेंज्ड' म्हणतं आणि जुना पॉड तसाच चालू राहतो.

ओसरी: टिल्ट लावा. बदललेली फाइल थेट चालू कंटेनरमध्ये जाते.

खटपट्या: म्हणजे आणखी एक टूल शिका! माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर मिनीक्यूब (काइंडसारखंच टूल) उठला की ब्राउझर बंद करावा लागतो. मेमरी लिमिट कमी केली, तर जावाची सर्व्हिस 'ओओएम-किल्ड' (मेमरी संपली म्हणून बंद), एक्झिट कोड १३७.

सांजवात: ती लिमिट प्रॉडक्शनलाच कळली असती तर? बरं, 'शिकाऊ' म्हणायला नको होतं, तेवढं मान्य.

खटपट्या: मॅनिफेस्टला (क्लस्टरवर काय चालवायचं ते लिहिलेल्या फाइलला) हात लावणाऱ्याने क्लस्टर चालवावा, इतपत मीही मानतो. 'प्रत्येकाने' मात्र नाही. आणि ओसरी, टॅग बदलला. पॉड उठला.