शब्दचर्चा: ‘गिफ्टेड’ला घरात काय म्हणता?

जुळेसोलापूर: मावसबहिणीची मुलगी अमेरिकेत आता सहावीला, म्हणजे तिकडच्या मिडल स्कूलला जाणार. शाळेचं पत्र आलंय, ‘आयडेंटिफाइड अ‍ॅज गिफ्टेड’. मावशीला मराठीत लिहून पाठवायचंय. ‘हुशार’ लिहिलं तर म्हणाली, “ते मला माहितीये, शाळेनं काय कळवायचं त्यात?” ‘प्रतिभावान’वर विचारलं, कविता करते का? ‘विशेष’ वाचून तर घाबरून फोनच केला. काय लिहू?

नवीपेठ: प्रज्ञावंत. प्रज्ञाशोध परीक्षेमुळे रुळलेला शब्द आहे. विषय संपला.

पूर्वभाग: शाल-श्रीफळ हातात असल्याशिवाय तो शब्द तोंडातून निघत नाही हो. आमच्याकडे तेलुगूत सरळ ‘तेलिवैन पिल्ला’. शेजारच्या कानडी आजी पोराला ‘जाण’ म्हणायच्या, पोरीला ‘जाणे’. मराठीत ‘जाणती’ का नको?

नवीपेठ: सहावीतल्या मुलीला जाणती म्हटलंत तर मावशी स्थळं बघायला लागतील. हुशार तर मुळात फारसी, तो बादच.

गड्डावाला: हुशार फारसी कसा? उषा, उषःकाल, जाग येणे, त्यावरून हुशार. आमचे आजोबा सांगायचे.

पूर्वभाग: होशियार हो, होश! मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश उघडा. मूळ अर्थ मात्र जागा, सावध हाच. ताप उतरला की ‘आज जरा हुशारी वाटते’ म्हणतोच की आपण.

निवृत्तमास्तर: आयुष्य पाचवी ते सातवीला गणित शिकवण्यात गेलं म्हणून मध्ये बोलतो. विशेषण कसलं शोधताय? तिकडे गिफ्टेड ही दप्तरी नोंद आहे. निकष राज्याराज्यात वेगळे, एकाच राज्यात शाळांच्या डिस्ट्रिक्टनुसारही वेगळे. कुठे बुद्ध्यांक 130च्या पुढे लागतो, कुठे शिक्षकांचं मतही धरतात. त्यामुळे इथे गिफ्टेड असलेली पोर घर बदललं की तिथे नसूही शकते. सोलापूरचा हुशार पोरगा बार्शीला गेला म्हणून ढ होतो का? आपल्याकडे याच्या जवळ जाणारं म्हणजे ‘अ तुकडीत घातली’, नाहीतर ‘नवोदयला नंबर लागला’. पोखरापूरच्या नवोदय विद्यालयात सहावीला परीक्षा घेऊनच घेतात, तसं.

तेव्हा पत्रात पुढे काय देणार म्हटलंय ते बघा. वेगळा वर्ग, वरचं गणित, की नुसताच शिक्का? नुसता शिक्का असेल तर पोरीला सांगूही नका. म्यूलर आणि ड्वेक या मानसशास्त्रज्ञांनी 1998 साली पाचवीच्याच मुलांवरचे प्रयोग छापले. ‘हुशार आहेस’ म्हणून शाबासकी दिलेली मुलं पुढचा पेपर अवघड गेल्यावर लवकर ढेपाळली, ‘मेहनत केलीस’ म्हटलेली चिकटून राहिली. मला नवल वाटलं नाही. चौथीपर्यंत पहिला आलेला पोरगा पाचवीत अपूर्णांकांच्या बेरजेला अडला, की डावा हात आडवा घालून वही झाकतो. छेद सारखे करायचे राहिलेत एवढंच असतं. शेजारचा ‘क’मधून आलेला पोरगा तीनदा उठून विचारतो, हा एकदाही नाही. त्यानं विचारायचं कसं? तो हुशार ना!

जुळेसोलापूर: सर, सहावीतच सातवीचं गणित देणार असं लिहिलंय. मग ‘परीक्षा घेऊन वरच्या गणिताला निवडली’ लिहितो, मावशीला पटेल. पण बहीण अडून बसलीय, गिफ्टेड शब्द आलाच पाहिजे. नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचंय तिला.

नवीपेठ: म्हणजे प्रज्ञावंतच.

गड्डावाला: ‘लई शाणी’ म्हणा की, ग्रुपवर सगळ्यांना कळेल.

नवीपेठ: शहाणी. शाणी असा शब्द नाही.

पूर्वभाग: चाटी गल्लीत येऊन सांगा! ‘तू लई शाणा हाईस’ मधल्या शाणाचा शहाणा करून बघा, टोमणाच मरतो.

नवीपेठ: टोमणा ‘दीडशहाणा’तही आहे, आणि तो शुद्ध आहे.

गड्डावाला: ते राहू द्या. मोल्सवर्थ साहेब होता, त्याला आमच्या आजोबांपेक्षा जास्त मराठी येत होती का?