मुलं झोपवायच्या तऱ्हा: तुमच्याकडे काय चालतं?

आईने आज माळ्यावरून जुन्या लुगड्याची झोळी काढून धुतली, बहिणीच्या बाळासाठी. आम्ही सगळी भावंडं त्यातच झोपलो म्हणे. माझा मात्र पावणेतीनचा, रात्री दहाला सोफ्यावरून उड्या. सध्या क्रम असा: जेवण, टीव्ही बंद, कोमट पाण्याने अंग पुसणं, दात, बारीक दिवा, चिऊकाऊची गोष्ट. एक पायरी गाळली की साहेब पहिल्यापासून सुरू करायला लावतात. तुमचे अनुभव लिहा.

—

गोष्टीला +१. आमची चिऊ बाळाला न्हाऊ घालते, तीट लावते, आणि हल्ली डायपरही बदलते. लेकीची मागणी. कावळा बिचारा पावसात उभाच!

—

आमच्याकडे सगळं शांत झालं की बाबा ऑफिसातून येणार आणि घोडा घोडा खेळणार. मुसळ केरात. आता त्यालाच झोपवायची ड्यूटी दिलीय. आल्या आल्या आवाज खाली!

—

दुधात जायफळ उगाळून द्या, गाढ झोपतात.

—

ताई, रागावू नका, पण जायफळ नको. प्रमाण जास्त झालं तर बाधतं, आमच्या डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. त्यापेक्षा दुपारची झोप बघा. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना 10 ते 13 तास झोप लागते, पण दुपारची धरून. पाचपर्यंत लोळू दिलं तर रात्री नऊला कुठून झोपणार? (मोबाईलवर लिहितेय, कुकर लावलाय, चुका पोटात घाला.)

—

आमचे आबा शेजारी पडून पावकी-निमकी म्हणतात. निमकीला पोचेपर्यंत आबाच घोरतात. मग नातू हलवून, "आबा, पुढे!"

—

खिक्! आबांना नमस्कार सांगा.

—

स्टॉकहोमहून. जूनमध्ये इथे सूर्य रात्री दहानंतर मावळतो. "रात्र झाली, झोप" म्हटलं की लेक पडदा सरकवून पुरावाच दाखवते. शेवटी काळे जाड पडदे लावले, आणि संध्याकाळी सातला घरातली दिवेलागण आपणच ठरवायची.

—

पडदे कसले घेतलेत? आमच्या खिडकीसमोरच रस्त्यावरचा दिवा आहे.

—

अस्तरवाले. माप खिडकीपेक्षा दोन्हीकडे वीतभर जास्त घ्या, नाहीतर कडेने उजेड येतोच. आणि रॉड भिंतीला पक्का ठोकून घ्या, आमची त्याला लोंबकळते.