देव मानत नाही, पण बांध फोडायला तयार नाही

आंतरूजकर:
अकरावीत होतो तेव्हापासून मी नास्तिक आहे, तीस वर्षं झाली. राजकारणात माझं मत उजवीकडे जातं. मालमत्तेचा हक्क, कुटुंब, गावच्या जुन्या संस्था हे सगळं मला महत्त्वाचं वाटतं. सरकारने कर्ज काढून योजना वाटू नयेत, आणि बदल करायचाच तर चाचपत, सावकाश करावा असं मला वाटतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची चौकट) बांधत होतो, तेव्हा पुण्याहून आलेल्या आतेभावाने विचारलं, "देव नाही म्हणतोस, मग हे काय चाललंय?" गोव्यात, फोंड्यात राहून मी हा प्रश्न दोन्ही बाजूंनी ऐकत आलोय. म्हणून एकदा नीट मांडतो.

देव मानणाऱ्याला एक आधार असतो की चुकलं तरी सावरणारा कोणी आहे. मला तो आधार नाही. माणसाने मोडलेलं माणसालाच पुन्हा बांधावं लागतं, आणि त्याला पिढ्या लागतात. म्हणून मोडताना मी जास्त घाबरतो. माझ्या राजकारणाचं मूळ एवढंच आहे.

तिसवाडीत माझ्या मामाचं खाजन शेत होतं, म्हणजे खाऱ्या नदीकाठची बांध घालून राखलेली सखल जमीन. नदीचं खारं पाणी अडवायला चिखलमातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार. भरती आली की मानशीची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात, ओहोटीला उघडतात. बांध कधी, कुणी, किती उंच घालायचा, पावसाळ्यात राखण कोणी करायची, मानशीतल्या मासळीचा लिलाव कसा करायचा, हे सगळं गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामायिक संस्था, पाहायची. गोवा मुक्त झाल्यावर १९६४ चा कूळ कायदा आला, १९७६ साली पाचवी दुरुस्ती झाली. कसणाऱ्याला जमीन मिळाली ते न्याय्यच होतं, मी त्याच्या विरोधात नाही. पण बांधाची जबाबदारी गावकारीकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि अनेक गावांत हे संघ कागदावरच राहिले. मामाच्या शेताचा बांध फुटला तेव्हा कोणीच आलं नाही. आज तिथे खारफुटी आहे. खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या कोरगुट भाताचं बी घरात कोणाकडे उरलं नाही.

ज्यांनी कायदा केला त्यांचा हेतू चांगला होता. गावकारी बांधही सांभाळते हे मात्र त्यांच्या हिशेबात नव्हतं.

सावरकरांचं नाव कोणीतरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो, त्यांची वाट माझी नाही. गाय उपयुक्त पशू आहे म्हणणारे, १९३१ मध्ये रत्नागिरीत पतितपावन मंदिर उभं करवणारे सावरकर रूढींच्या बाबतीत घाईचे होते. ते राष्ट्रवादी होते, परंपरावादी नव्हते. मला जवळचे वाटतात ते पूर्वमीमांसक, वेदातल्या विधींचा अर्थ लावणारे जुने तत्त्वज्ञ. कुमारिल भट्टाने जग निर्माण करणारा ईश्वर युक्तिवादाने नाकारला, आणि विधी मात्र काटेकोर पाळायला सांगितला. तरी त्याला कोणी नास्तिक म्हटलं नाही, कारण शास्त्रात नास्तिक म्हणजे वेद न मानणारा. ईश्वर न मानणं आणि परंपरा जपणं ही जोडी आपल्याकडे निदान तेरा शतकं जुनी आहे.

सत्तरीकार:
दादा, तुमचं लिहिणं मनापासूनचं आहे. पण तुम्ही फळ जपायला निघालात आणि मूळ मात्र नको म्हणता. आमच्या सत्तरीत बांबरजवळ निरंकाराची राय, म्हणजे निरंकार देवाची देवराई, आहे. पाणथळ जागा, जायफळाच्या कुळातली झाडं, मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली. तिथली वाळकी फांदीसुद्धा कोणी घरी आणत नव्हतं. वनखात्याचा फलक लागायच्या कितीतरी आधीपासूनची ही गोष्ट. का? तर ती देवाची राय. माझ्या आजीला परिसंस्था हा शब्द माहीत नव्हता, निरंकार माहीत होता.

तुमच्या बांधावरही राखणदाराची, म्हणजे राखण करणाऱ्या देवाची, घुमटी असणार. वर्षाला नारळ, विडा, गाऱ्हाणं. रात्री बारा वाजता भरतीच्या वेळी माणूस कंदील घेऊन बांधावर जायचा तो हिशेब करून जायचा असं तुम्हाला खरंच वाटतं? तुम्ही संस्कार झालेल्या घरात वाढलात म्हणून माटोळी बांधता. तुमची मुलं का बांधतील?

कलावंतांची पणती:
मला दोघांनाही विचारायचं आहे. माझी पणजी देवळात गात होती. देवाला वाहिलेली बाई. तिला लग्न नाही, तिच्या मुलांना बापाचं नाव नाही. गावच्या जुन्या व्यवस्थेत तिची जागा अगदी पक्की होती, पालखीपुढे. ती व्यवस्थाही पिढ्यान् पिढ्यांची होती, तिच्यातही बरंच शहाणपण होतं असं लोक सांगत. आमच्या माणसांनी चाचपत बसायचं ठरवलं असतं तर मी आज हे लिहायला बसले नसते. त्यांनी मुली वाहणं थांबवलं, मुलांना शाळेत घातलं, गोमंतक मराठा समाज उभा केला. जुनं नावसुद्धा टाकून दिलं.

आंतरूजकर, तुमचं "सावकाश" मी आधी ऐकलेलं आहे. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला तेव्हा टिळकांनी हेच म्हटलं, की सुधारणा समाजातून येऊ दे, सरकारने लादू नये. आगरकर देव मानत नव्हते, आणि ते थांबायला तयार नव्हते. त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली लोकांनी. देव नाही हे कळल्यावर पुढचा प्रश्न येतोच: मग ही बाई देवळात कोणासाठी उभी आहे? तुम्ही पहिल्या पायरीवर थांबलात आणि त्याला विवेक म्हणता. थांबण्याची किंमत तुम्ही भरत नाही, दुसरंच कोणीतरी भरतं.

सासष्टीकर:
मी ख्रिश्चन. मराठी शाळेत शिकलो म्हणून हे वाचतो. सत्तरीकारांना एक सांगतो. १५६७ च्या सुमारास आमच्या सासष्टीतली देवळं पाडली. बाजूच्या कुठ्ठाळीहून मंगेश त्याआधीच प्रियोळला गेला होता, केळशीची शांतादुर्गाही कवळ्याला गेली. देवळांच्या जमिनी चर्चकडे गेल्या. म्हणजे देव पूर्ण बदलला. पण गावकारी राहिली, तीच घराणी, तेच बांध. १५२६ च्या फोरालमध्ये, म्हणजे गावकारीच्या रूढींच्या पोर्तुगीज सनदेत, लिहून ठेवलेली पद्धत धर्मांतरानंतरही चालली. म्हणून मूळ देवात होतं हे मला पटत नाही. मूळ होतं ते एकमेकांच्या शेताला बांध सामायिक असण्यात. माझ्या शेजाऱ्याचा बांध फुटला तर पाणी माझ्याकडे येतं, मग तो कुठे प्रार्थना करतो याला काय अर्थ?

सत्तरीकार:
सासष्टीकर भाई, देव बदलला, गेला नाही. तुमच्याकडेही कापणीआधी पाद्री शेतात येऊन नवी कणसं आशीर्वादतोच ना?

आंतरूजकर:
सत्तरीकार, मुलांचा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही, हे कबूल करतो. माझी मुलगी बारा वर्षांची आहे. तिला देव असल्याचं मी कधी सांगितलं नाही, नसल्याचंही लादलं नाही. यंदा ती माझ्याबरोबर रानात आली, आंबाडे कुठले, घागऱ्यो कुठल्या, तोरिंग कुठलं ते तिला ओळखता येतं. तिच्या हातून माटोळी चालेल की नाही हे वीस वर्षांनी कळेल. पण भीतीवर उभं असलेलंही टिकतंच असं नाही. देवाच्या नावाने राखलेल्या किती राया देवाच्या नावानेच तोडून तिथे काँक्रीटचे सभामंडप झाले, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलं असेल.

पणती ताई, तुमचं वाचून दोन दिवस उत्तर दिलं नाही. तुमच्या पणजीच्या बाबतीत "सावकाश" हा शब्द मी तोंडातून काढणार नाही. ज्या व्यवस्थेतून माणसाला बाहेर पडायची वाटच नाही, ती राखण्यासारखी नाही, मग ती कितीही जुनी असो. पण तुमच्या लोकांनी काय केलं तेही पाहा. त्यांनी स्वतःची संस्था उभी केली, गाणं टाकून दिलं नाही. गोव्याचं अर्धं संगीत त्यांनीच राखलं. मोडणं आणि राखणं एकाच हाताने केलं. मी ज्याला परंपरावाद म्हणतो तो याच्या फार दूर नाही.

कलावंतांची पणती:
आमच्या लोकांचं काम तुमच्या बाजूला लिहून घेऊ नका. गाणं राखलं कारण ते त्यांचं होतं. जे त्यांच्यावर लादलेलं होतं ते त्यांनी एका पिढीत टाकलं. कोणतं कोणाचं हे ठरवायचा हक्क आधी घेतला, राखणं नंतर आलं.

आणि बाहेर पडायची वाट बंद आहे की उघडी, हे कोण ठरवणार? आतल्या पुरुषांना ती नेहमी उघडीच दिसली. पोर्तुगिजांनी १८८० मध्ये आपल्या हिंदू रूढींचा कायदा लिहिला. पत्नीला पंचवीस वर्षांपर्यंत मूल नसेल, किंवा तिसापर्यंत मुलगा नसेल, तर नवऱ्याला दुसरं लग्न करायची मुभा. तीही परंपरा राखण्यासाठीच लिहिलेली होती. तुमच्या गावकारीचंही तसंच. घरच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा, तो १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे. गावकारपण मात्र मुलालाच. तुमच्या मामाला मुलगी असेल तर बांध फुटला त्या दिवशी तिला सभेत बोलायचा हक्क होता का?

आंतरूजकर:
नव्हता. मामाला दोन मुलीच. थोरलीला त्या बांधाची माहिती माझ्यापेक्षा, गावातल्या कोणापेक्षाही जास्त होती. मानशीची फळी कुठून कुजते ते ती लहानपणापासून सांगायची. एप्रिल १९६१ च्या कोमुनिदाद (गावकारीचं पोर्तुगीज नाव) संहितेप्रमाणे गावकारांच्या वहीत तिचं नाव नाही.